भानुदासमामांची लाल पुली

बुधवार, सकाळचे साडेदहा. ठरलेला अंदाज तीन हजार सहाशे रुपये. हजर माणसं चार: मी, गाडीमालक भानुदासमामा, त्यांच्या पत्नी कौसामामी, आणि शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातले लतीफभाई. लतीफभाईंना कुणी बोलावलं नव्हतं, पण हातोड्याचा आवाज थांबला की ते येतातच. समोरचं काम अडलंय हे त्यांना त्यावरून कळतं.

काम अडलंच होतं. पिकअपचा रेडिएटर मी उतरवून बाजूला ठेवला होता, पट्टा काढला होता, पुलीचे चारही बोल्ट काढले होते. पुली मात्र जागची हलत नव्हती.

मंठ्यात बाजाराच्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. वॉटर पंप बदलणं हे आमच्याकडे आठवड्याला होणारं काम. ज्यांनी बॉनेट कधी उघडलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिन तापतं. ते थंड राहावं म्हणून त्याच्याभोवती पाणी सतत फिरवावं लागतं. ते फिरवतो वॉटर पंप. पंपाच्या तोंडाशी एक चाक असतं, ती पुली. इंजिनाचा पट्टा पुलीला फिरवतो आणि पुली पंपाला. पंपाचं बेअरिंग गेलं की आधी खरखर आवाज येतो, मग खालून पाणी गळतं, मग इंजिन तापतं. मामांच्या गाडीचे पहिले दोन प्रकार झाले होते. तिसरा व्हायच्या आत ते माझ्याकडे आले, हे शहाणपण.

पंप काढायचा तर आधी पुली काढावी लागते, कारण पंपाचे बोल्ट पुलीच्या मागे लपलेले असतात. तिथे पाना जात नाही. आणि नव्या पंपाबरोबर पुली मिळत नाही, जुनीच परत बसवायची असते. म्हणून ती धड निघाली पाहिजे.

"मिस्तरी, साडेचारला मला गाडी पाह्यजे," मामा तिसऱ्यांदा म्हणाले.

"बघून राह्यलो ना मामा."

"बघू नका, काढा. सकाळची फेरी पुतण्याच्या गाडीवर ढकलली. संध्याकाळी न्हाई गेलो तर लाईन गेली समजा. सुदाम नवी गाडी घेऊन डेअरीच्या दारात उभा हाये."

मामा दुधाची लाईन चालवतात. म्हणजे सकाळ-संध्याकाळ पाच वस्त्यांवरून दुधाचे कॅन गोळा करून मंठ्याच्या शीतकरण केंद्रावर आणायचे. केंद्राच्या मॅनेजरने त्यांना सरळ सांगितलं होतं की लागोपाठ दोन फेऱ्या चुकल्या तर लाईन दुसऱ्याला. सकाळची फेरी पुतण्यामुळे कशीबशी निभावली होती, तीही इतक्या उशिरा की मॅनेजरने ती चुकलेलीच धरली. घरी तीन एकर कोरडवाहू. बाकी घर या लाईनवर चालतं.

"सुदाम नवी गाडी घेऊन उभा हाये, अन् आमचे हे रंगाचा डबा घेऊन उभे ऱ्हातेत," कौसामामी म्हणाल्या. त्या पाण्याच्या ड्रमवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. तेव्हा त्या बोलण्याकडे मी लक्ष दिलं नाही.

मी जालन्याला फोन लावला. मस्तगडच्या ज्या दुकानातून मी पार्ट मागवतो, त्याच्याकडे पंप होता. दुपारपर्यंत जीपवाल्याच्या हाती पाठवतो म्हणाला. मी विचारलं, "आणि पुली?"

"त्या मॉडेलची पुली आता येत न्हाई भाऊ. भंगारात फिरावं लागंन. मिळाली तर मिळाली."

फोन स्पीकरवर होता. मामांनी ऐकलं. खिशातून तंबाखूची पुडी काढली आणि न खाता परत ठेवली.

"दोन मिनिटं गॅस मारतो," लतीफभाई म्हणाले. "लाल झाली की खुद चालत येईन बाहेर."

"बिडाची आहे लतीफभाई."

"मंग काय झालं?"

"एका बाजूनं ताव बसला तर तडकंल. पंप जळाला तर जळू द्या, तो जाणारच आहे. पुली तडकली तर मामा काय सुदामच्या गाडीवर क्लीनर होतील?"

मामांना हा विनोद बिलकुल आवडला नाही. लतीफभाईंना आवडला, पण ते गंभीर राहिले.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. भक्कम असतं पण लवत नाही, एकदम तुटतं. त्याला हातोडा मारायचा तर लाकडाचा तुकडा मधे धरून, हलका. तसे ठोके मारून झाले होते. गंज सोडवणारा स्प्रे मारून अर्धा तास थांबलो होतो. चहा झाला होता. पुली पंपाच्या मधल्या दांड्याला जशी डकवलेली होती तशीच होती.

मग पुलर काढला. पुलर म्हणजे तीन पायांचं अवजार. पाय पुलीच्या मागच्या कडेला अडकवायचे, मधला स्क्रू आवळायचा, की पुली ओढली जाते. या गाडीत पुली आणि इंजिनाच्या मधे जेमतेम बोटाएवढी जागा. तिथे पाय नीट शिरेनात. कसेबसे दोन अडकवले, तिसरा टोकावर टेकवला. हे बरोबर नव्हतं, मला माहीत होतं. पण घड्याळात सव्वा बारा झाले होते.

स्क्रू पाव फेरा फिरवला. काही नाही. आणखी पाव फेरा.

कट्ट.

माझ्या तळहातावर एक लाल तुकडा पडला. नखाएवढा.

मामींच्या हातातली शेंग तशीच राहिली. मामा खाली पाहत म्हणाले, "गेली का?"

मी पुलर सैल केला. तुकडा उजेडात धरला. लोखंडाच्या मानाने तो फारच हलका होता. नखाने दाबला तर वाकला. तो नुसता रंग होता. पण रंग म्हणावा तर केवढा जाड! कडेने पाहिलं तर थरावर थर दिसत होते. लाल, मग चंदेरी, मग लाल, मधे एक हिरवा, परत लाल.

"मामा, हे काय आहे?"

"रंग हाये."

"ते दिसलं. किती वर्षांचा?"

"दर खंडेनवमीला देतो. तुम्ही नसतेत का पाने-हातोडे धुऊन पुजत? मी गाडीचं इंजन धुतो, रंग देतो, गंध लावतो. आपली लक्ष्मी हाये ती."

"घराच्या भिंतीला लग्न झाल्यापासून दोनदा रंग लागला," मामी म्हणाल्या. "गाडीच्या पोटाला दरवर्षी. तो हिरवा दिसला ना? तो माझ्या खिडकीसाठी आणला होता."

लतीफभाई आता मोकळेपणाने हसले.

मी हसलो नाही, कारण माझ्या डोक्यात दुसरंच सुरू झालं होतं. पुली इतकी रंगवलेली असेल तर मी तिला पाहिलेलंच नव्हतं. मी रंग पाहिला होता. काही कंपन्या पुलीला बोल्टांच्या चार भोकांखेरीज आणखी दोन भोकं ठेवतात. त्यांत काहीच बसवलेलं नसतं. पुली अडकली तर ती काढण्यासाठीच ती असतात. सकाळी मी ती शोधली होती. पुलीचं तोंड गुळगुळीत लाल होतं. या मॉडेलला नसतील, असं धरून मी पुढे गेलो होतो.

"मामा, पहिल्या वर्षी रंग दिला तेव्हा पुली कशी दिसत होती?"

"कशी म्हणजे? काळी."

"तोंडावर चार बोल्ट. अन् आणखी काही?"

मामांनी डोळे बारीक केले. "दोन भोकं होती. समोरासमोर. बिनकामाची."

"ती कुठं गेली?"

"बुजवली."

"कशानं?"

"आता त्याच्यात काय... बॉडीवाल्याकडून लांबी आणली. पत्र्याचे खड्डे भरतेत ती. गंध लावताना बोट त्या भोकात जायचं. कुंकू आत, लक्ष्मीचं कपाळ कोरडं. बराबर दिसत नव्हतं ते. मंग लांबी भरली, घासून सपाट केली, वरून रंग. बोट फिरवून पाहा, कळणार न्हाई."

खरंच कळत नव्हतं. काम इतकं साफ होतं की माझ्यासारख्याला अर्धा दिवस फसवलं त्याने.

"कुठं होती, दाखवा."

मामांनी बोट ठेवलं. लगेच उचललं. "खरवडणार का?"

"खरवडावं लागंल."

"दसऱ्याला दिलेला रंग हाये मिस्तरी."

"मामा, रंग ठेवू का लाईन?"

हे जणू मामींनाच विचारलं होतं, तशा त्या बोलल्या, "खरवडा हो. मी सांगते, खरवडा."

मी छन्नीच्या टोकाने रंग काढला. खाली करडी लांबी लागली. दगडासारखी घट्ट झालेली. बारीक ड्रिल लावून ती हळूहळू पोखरली. घाई करून चालत नव्हतं, कारण भोकाच्या आतल्या बाजूला आटे असतात. बोल्ट फिरून आत जायला ज्या गोल रेषा लागतात, ते आटे. ते खराब झाले तर भोक असून नसल्यासारखं. पहिल्या भोकातून लांबीची भुकटी पडली आणि आत टॉर्च मारल्यावर आटे चमकले. मग लतीफभाई न सांगता उठले आणि दुकानातून आठ नंबरचा टॅप घेऊन आले. टॅप आट्यांमधून फिरवला की उरलेली घाण निघून जाते. ते काम त्यांनीच केलं. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हणत नाही.

दुसरं भोक साफ होईपर्यंत जीपवाला पंप टाकून गेला होता.

आता युक्ती साधी होती. दोन्ही भोकांत एकेक बोल्ट घालायचा. बोल्ट पुलीतून आरपार जातो आणि मागे पंपाच्या ज्या चकतीवर पुली बसते तिला टेकतो. तिथे चकतीला भोक नाही. बोल्टला पुढे जायला वाट नाही. तरी आपण पाना फिरवत राहिलो की पुलीलाच आपल्याकडे यावं लागतं. फक्त एक सांभाळायचं. दोन्ही बोल्ट सारखे आवळायचे. एकच आवळला तर पुली तिरकी होते आणि आणखी घट्ट बसते, किंवा तुटते.

मी उजवीकडचा पाव फेरा फिरवला. मग डावीकडचा पाव. परत उजवीकडचा. पाना जड होत गेला. मामा माझ्या मागे उभे होते, त्यांचा श्वास मला मानेवर लागत होता.

"मामा, जरा लांब."

"न्हाई, असू द्या."

डावीकडचा पाव. पाना थांबला. आता बोल्ट तुटेल की पुली, की गंज, एवढंच उरलं होतं. मी पाना तसाच ताणात धरून ठेवला आणि लतीफभाईंना डोळ्याने खूण केली. त्यांनी लाकडाचा तुकडा पुलीच्या कडेला धरून एक हलका ठोका दिला.

टण्ण. मधल्या दांड्याशी तपकिरी भुकटीची एक रेघ दिसली आणि पुली दोन दोरे, म्हणजे पाव इंच, पुढे आली. नंतर ती हातानेच निघाली. कडा तपासली, तोंड तपासलं, हातोडीच्या दांड्याने टिचकी मारून आवाज ऐकला. तडा असेल तर बीड बद्द वाजतं. ही घंटेसारखी वाजली.

"धड आहे," मी म्हणालो.

मामांनी तंबाखूची पुडी काढली आणि या वेळी खाल्ली.

पुढचं काम रोजचं होतं. जुना पंप काढला. आतून विहिरीच्या पाण्याचा क्षार खपलीसारखा निघाला. नवा पंप, नवं गॅस्केट, नवा पट्टा. पुलीचं मधलं भोक पॉलिश पेपरने घासून किंचित ग्रीस लावून ती परत बसवली, म्हणजे पुढच्या वेळी डकणार नाही. पाण्याऐवजी कूलंट भरलं. त्या दोन भोकांत दोन छोटे बोल्ट ग्रीस लावून हलके आवळून ठेवले. इतके आखूड की मागच्या चकतीला लागणार नाहीत.

"आता ही भोकं बुजवायची नाहीत," मी मामांना सांगितलं. "बोट अडकणार नाही, कुंकू आत जाणार नाही. पण रंग द्यायचा नाही."

"बरं."

"मामी, तुम्ही ऐकलं ना?"

"मी ऐकलं. त्यांचं मला माहीत न्हाई."

चार वाजून दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली. पंधरा मिनिटं जागेवर चालवून तापमानाचा काटा पाहिला. अर्ध्यावर स्थिर. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा मामी पुढच्या सीटवर बसल्या होत्या, मांडीवर शेंगांची पिशवी. सव्वासातला मामांचा फोन आला. मागे कॅन आदळल्याचे आवाज. "पाची वस्त्या झाल्या मिस्तरी. सुदाम दारातच उभा होता. राम राम केला त्याला."

या कामातून मी एक सवय लावून घेतली. पुलीवर काही दिसत नाही म्हणजे तिथे काही नाही, असं आता धरत नाही. आधी खरवडतो, मग ठरवतो. आणि गाडी कोण पुजतो, कशी पुजतो, हेही मालकाला विचारतो. लोक हसतात. हसू द्यावं.

बिल अंदाजाइतकंच झालं, तीन हजार सहाशे. जीपवाल्याचं भाडं त्यातच. मामींनी साडेतीन हजार मोजून दिले आणि शंभर परत कमरेला खोचले. म्हणाल्या, "हे रंगाच्या डब्याचे हायेत. ह्या दसऱ्याला डबा आला न्हाई तर तुमचे."

खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी मामा गाडी घेऊन आले. आपट्याची पानं दिली. मी बॉनेट उघडलं. पुली जुन्याच लाल रंगात होती, खरवडलेल्या जागी नुसतं तेल पुसलेलं. कुंकू मधोमध, बरोबर कपाळावर. फक्त त्या दोन बोल्टांची डोकी पिवळी झाली होती.

"तुम्हीच म्हणलात भोकाला रंग देऊ नका," मामा म्हणाले. "भोकाला न्हाई दिला. बोल्टाला दिला. आता कुणाला पण दिसंन."

मी बोल्ट फिरवून पाहिले. दोन्ही मोकळे होते. तक्रारीला जागा नव्हती.

लतीफभाईंच्या टॅपचे पैसे त्यांनी घेतले नव्हते. त्यांना मामींनी त्याच आठवड्यात दोन लिटर दूध पाठवलं होतं. राहिले ते शंभर. पिवळ्या रंगाची सगळ्यांत लहान डबी साठ रुपयांना मिळाली, ते रंगवाल्याला गेले. उरलेले चाळीस मामांनी माझ्या हातावर ठेवले.