गप्प बसून कमावलेलं कातडं

त्या सकाळी वाळवंटाकडून कोरडा वारा सुटला होता. आमच्याकडे हिवाळ्यात हा वारा सुटला की ओठ फुटतात, दारं कुरकुरतात आणि ओलं म्हणून जे काही असेल ते दुपारपर्यंत खडखडीत होतं. लेसोले अंधारातच उठला. शेळ्या सोडल्या, चुलीत सरपण सारलं, आंबिलीचं भांडं विस्तवावर चढवलं, आणि मग ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवलेलं कातडं तान्हं मूल उचलावं तसं अलगद उचलून मांडीवर घेतलं.

काळ्या शेळीचं कातडं, केसांसकट. आतल्या बाजूचं मांस त्यानं वाकसानं तासून काढलं होतं. शेळीचाच मेंदू आंबट दुधात कालवून चोपडला होता. आता उरलं होतं ते चोळणं. ओल उडत जाईल तसतसं कातडं दोन्ही मुठीत धरून चोळत, पिळत, ताणत राहायचं, ते फडक्यासारखं मऊ होईपर्यंत. मधे हात थांबला की संपलं. जिथं थांबला तिथं कातड्याचा पत्रा.

आणि लेसोलेचा हात थांबायचा. तो आळशी होता म्हणून नव्हे. तो बोलायचा म्हणून.

माझा हा चुलतभाऊ घास गिळायला लागेल तेवढाच वेळ तोंड बंद ठेवणारा माणूस. त्यात त्याला बोलताना हात लागायचे. रस्ता सांगायचा तर हातानं, पाऊस सांगायचा तर हातानं, आपण तरुणपणी पातेल्याचं झाकण वाजवून सिंह कसा पळवला हे सांगायचं तर दोन्ही हात आणि एक पाय. त्यामुळे या हिवाळ्यात त्याची दोन कातडी वाया गेली होती. पहिल्याच्या वेळी एक ट्रॅक्टरवाला वाट विचारायला थांबला. त्याला वाट सांगून झाली, त्या वाटेवरची माणसं सांगून झाली, त्या माणसांचे आजे सांगून झाले, आणि लेसोले मागं वळला तेव्हा कातडं आपलं आपण उभं राहिलं होतं. ते आता कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून आहे. दुसरं बोअरवेलपाशी गेलं, सिंहाच्या गोष्टीत. ते त्याच्या थोरल्या बहिणीनं, सादिन्यानाआक्कानं, बोटानं वाजवून पाहिलं. "कोण आलंय ते बघ," ती म्हणाली, "दार वाजतंय."

आक्काला चेष्टा सुचत होती तरी मनातून ती घाबरली होती. तिची लेक त्साओने पहिलटकरीण. बाळंतीण आमच्याकडे खोलीतच असते, परक्याच्या नजरेला पडत नाही. मग एके दिवशी ती बाळाला पाठीशी बांधून बाहेर येते, आणि ते पहिलं बाळ बांधायचं ते मामानं स्वतः कमावलेल्या कातड्यात. विकतच्या नाही, दुसऱ्याच्या हातच्या नाही. मामाच्या मऊ कातड्यात बाळ बाहेर आलं की लोक म्हणतात, पोरीच्या मागं माहेर आहे. त्साओने येत्या शनिवारी बाहेर येणार होती, आणि तिची सासू, म्हणजे तिच्या नवऱ्याची, थुसोची आई, दुकानातून एक झोळी आणून बसली होती. निळी, प्लॅस्टिकच्या कड्यांची, वर अस्वलाचं चित्र. "मामाला जमलं तर उत्तमच," असं ती भेटेल त्याला फार गोड आवाजात सांगत फिरत होती.

कातडं काळ्या शेळीचंच लागतं, आणि काळी शेळी आता एकही उरली नव्हती. हे शेवटचं कातडं.

लेसोलेनं चोळायला सुरुवात केली, आंबील पोटात गेली, आणि तेवढ्यात मुखिया मोन्नापुलाचा सांगावा आला: पंपाच्या प्रश्नावर चावडी बसणार आहे, प्रत्येक घरचा कर्ता पुरुष हवा. चावडीला न जाणं म्हणजे मुखियाच्या तोंडावर दार लावणं. पण कातडं घेऊन जायला आमच्यात कुणाची ना नसते. जुने लोक तर चावडीतच कातडी चोळायचे. हाताला काम, कानाला भांडण. नियम एकच. बोलायचं असेल त्यानं उभं राहायचं, टोपी काढायची, आणि हात रिकामे ठेवायचे. हातात काही धरून बोलणं म्हणजे मुखियाचा अपमान.

आक्का फाटकापर्यंत आली. "उठायचं न्हाई," ती म्हणाली. "चावडीला आग लागली तरी बसल्या जागी भाजून घे." मग तिनं सुक्या मांसाचा एक चिवट तुकडा त्याच्या तोंडात कोंबला आणि मला म्हणाली, तू शेजारी बस.

मोठ्या बाभळीखाली आम्ही आपापल्या खुर्च्या मांडल्या. वारा आडवा येत होता. कातड्याच्या कडा पांढऱ्या पडायला लागल्या होत्या. म्हणजे हीच खरी वेळ. लेसोले मान खाली घालून चोळत होता, मांस चघळत होता. पंपाचं बोलणं निघालं. पंप का बिघडला, यावर त्याचं मत सगळ्या गावाला पाठ होतं. तरी ते ऐकायला दोघातिघांनी माना वळवल्या. लेसोले चोळत राहिला. पंप त्याच्याशिवाय मिटला.

मग सेआबेलो उभा राहिला. हा लेसोलेचा कुंपणाला कुंपण लागून असलेला शेजारी, बालमित्र आणि जन्माचा वैरी. त्यानं टोपी काढली, मुखियाला नमस्कार केला आणि सांगितलं की लेसोलेच्या गाढवानं त्याच्या झोपडीच्या छपराचं नवं गवत एका कोपऱ्यात पार खाऊन टाकलंय.

सगळी चावडी सरसावून बसली. कारण सगळ्या चावडीला ठाऊक होतं की ज्या दिवशी छप्पर खाल्लं गेलं, त्या दिवशी ते गाढव खुद्द सेआबेलोनंच पाण्याच्या गाडीला जुंपायला मागून नेलं होतं. लेसोलेनं उठून एक वाक्य बोलायचा अवकाश, की हसून हसून लोकांच्या खुर्च्या मोडल्या असत्या. सेआबेलोही हरायच्या तयारीनंच आला होता. त्याला फक्त भांडण हवं होतं. हिवाळा लांब असतो.

लेसोलेच्या जबड्यातलं मांस थांबलं. मानेची शीर तट्ट फुगली. आणि हात चालत राहिले.

मी त्याच्यासाठी उठायला गेलो, तर त्यानं माझ्या पायावर पाय दिला. त्याचं बरोबर होतं. मी बोललो असतो तर मुखियानं विचारलं असतं, काय लेसोले, खरं का? आणि मग त्याला उठावंच लागलं असतं, आणि उठला असता तर सूर्य मावळेपर्यंत खाली बसला नसता.

दोर ओढायला जोर लावावा आणि पलीकडच्यानं दोर धरलेलाच नसावा, तसं सेआबेलोचं झालं. त्यानं टोपी एकदा हातात फिरवली. मग म्हणाला की लेसोलेचा कोंबडा अवेळी आरवतो. लेसोले चोळत राहिला. लेसोलेची बायको चांगली आहे पण तिला नवरा निवडता आला नाही, असंही त्यानं सांगितलं. ती बायकांच्या घोळक्यात बसली होती, तिनं मान डोलावली. लेसोलेचे हात जात्यासारखे फिरायला लागले. कातड्यातून कुरकुर यायची ती बंद झाली. पोटाकडचा भाग मऊ पडला, पाठ मऊ पडली. मानेचा भाग तेवढा ताठ होता. मानेचं कातडं जाड, ते शेवटी नमतं.

आणि सेआबेलोनं शेवटचं काढलं. शांतपणे म्हणाला, "मुखिया, तो सिंह नव्हता. ते माजं वासरू होतं."

लेसोले उठला. म्हणजे ढुंगण उठलं, खुर्ची अरुंद होती म्हणून तीही मागं चिकटून उठली, आणि तो तसाच अर्धा वाकलेला, खुर्चीसकट, कातडं मुठीत आवळून, लाल डोळ्यांनी सेआबेलोकडे बघत राहिला. पण तेवढ्यातही त्याच्या मुठी फिरतच होत्या. मग खुर्चीचे पाय परत जमिनीला टेकले. आणि त्यानं मानेचं ते कातडं असं पिळलं, असं पिळलं, की सेआबेलोनं नकळत स्वतःच्या गळ्याला हात लावला.

मुखियानं विचारलं, "लेसोले, तुला काही बोलायचंय?"

लेसोलेनं मान हलवली. नाही.

मुखिया मोन्नापुलाचा चेहरा उतरला. त्यानं वाकून लेसोलेच्या बायकोला हळूच विचारलं, की याला ताप वगैरे आहे का. ती म्हणाली, सकाळी आंबील तर दोन वाट्या खाल्ली. मग मुखियाला इलाज उरला नाही. गप्प बसला त्यानं कबूल केलं, असं चावडी धरते. निकाल झाला: लेसोलेनं गवत कापून आणावं आणि सेआबेलोचं छप्पर शाकारून द्यावं. जिंकल्याचं ऐकून सेआबेलो इतका दचकला की टोपी उलटी घालून घरी गेला.

लोक पांगले. लेसोले बाभळीखाली बसून चोळतच होता. ऊन कलल्यावर त्यानं कातडं झटकलं आणि खांद्यावर टाकलं. ते दोन्हीकडून खाली लोंबलं, झोपलेल्या मांजरासारखं. त्यानं तोंडातला मांसाचा चोथा थुंकला आणि म्हणाला, "वासरू?" त्यानंतर घरी पोचेपर्यंत मला एक शब्दही मधे घालता आला नाही.

शनिवारी त्साओने बाहेर आली. आक्कानं कातड्याचे बंद तिच्या छातीशी बांधले, आणि बाळाचं काळं डोकं काळ्या केसांतून तेवढं दिसत राहिलं. थुसोच्या आईनं कातड्याचं एक टोक मुठीत चुरगळलं, सोडलं, पुन्हा चुरगळलं. घडी राहीना. आवाज होईना. तिनं ते गालाला लावलं, आणि मग कुणी बघितलं का म्हणून इकडेतिकडे पाहिलं. "आमच्या गल्लीत असं कुणाला जमत न्हाई," ती म्हणाली. ती निळी झोळी मग तिनंच कांदे ठेवायला घेतली.

आक्का तेव्हा घरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिनं भावाच्या ताटात शेळीच्या मांसाचा सगळ्यात मोठा तुकडा वाढला आणि म्हणाली, "खा. आता काय बोलायचं ते बोल."

सेआबेलो जेवायला आलाच होता. तो हाडूक चोखत म्हणाला, की कातडं लेसोलेनं चोळलं खरं, पण त्यात राग लागला तो कुणी दिला? निम्मी मेहनत माजी.

लेसोले उभा राहिला. टोपी काढली. हात धुऊन रिकामे केले. आधी गाढवाचं सांगितलं, तारखेसकट, साक्षीदारांसकट. मग पंपाचं. मग सिंह, शेपटीपासून आयाळीपर्यंत. मुखिया मोन्नापुलानं सगळं ऐकून घेतलं, तोंड पुसलं आणि म्हणाला की गाढव त्या दिवशी कुणाकडे होतं हे तर आम्हांला तेव्हाच ठाऊक होतं. पण चावडीचा शब्द फिरत नाही. आणि सिंहाबद्दल चावडी काही बोलणार नाही. त्साओनेच्या पाठीवर बाळ सिंहाच्या पहिल्या डरकाळीलाच झोपलं होतं.

सोमवारी आम्ही गवत कापून आणलं. लेसोले सेआबेलोच्या छपरावर चढला, मी खालून पेंढ्या देत होतो, आणि सेआबेलो शिडी धरून उभा होता. शिडी सोडून जाता येत नव्हतं, त्यामुळे त्याला सगळं ऐकावं लागत होतं. वासराला आयाळ असते का, वासरू डरकाळी फोडतं का, वासरू पातेल्याच्या झाकणाला भितं का. सेआबेलोनं एकदा सांगून पाहिलं की त्याचं वासरू भित्रंच होतं.

"दोरी दे," लेसोले मला म्हणाला, आणि पुढची पेंढी दाबून बांधायला घेतली.