सहीची गिटार, पूर्ण विचारांती

आमच्या घरात जी इलेक्ट्रिक गिटार आहे, ती मी स्वतः, पूर्ण विचार करून, तिन्ही बाजूंनी पारखून घेतलेली आहे. चौथी बाजू बघायची राहिली.

हे सांगायचं कारण, मी वाळूजच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात आहे. लोकांना वाटतं, खरेदी म्हणजे काय, दुकानात जायचं अन् वस्तू आणायची. नाही हो! साधा नटबोल्ट घ्यायचा तरी मी तीन ठिकाणचे भाव मागवतो, नमुने मागवतो, नमुना उजेडात धरून बघतो. (दातानं चावून बघायचं तेवढं वरिष्ठांनी बंद केलं.) घरीही तोच खाक्या. मला झाडू आणायला गुलमंडीच्या बाजारात पाठवलं, तर बायको दुसऱ्या दिवशी शेजारणीचा झाडू मागून आणते. कारण माझा अभ्यास चालू असतो.

तर झालं असं, की मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि सिडकोतलं आमचं घर एकदम मुकं झालं. जेवताना कुकरची शिट्टी झाली तरी बरं वाटायचं, कोणीतरी बोललं म्हणून. त्या शांततेत मला कॉलेजातली गिटार आठवली. होस्टेलवरच्या एका मित्राच्या लाकडी गिटारवर मी चार कॉर्ड शिकलो होतो. (खरं तर तीनच. चौथी लावायला गेलो की तो गिटार काढून घ्यायचा.)

"आता घ्यायची तर इलेक्ट्रिकच," मी उषाला, म्हणजे बायकोला, सांगितलं. "आणि साधीसुधी नाही. सिग्नेचर!"

"म्हणजे काय असतं?"

"एखाद्या नामांकित गिटारवाल्याच्या पसंतीनं बनवलेली. त्याला लागतो तसा दांडा, त्याला लागतो तसा आवाज. आणि वर त्याची सही."

"सही त्याची अन् पैसे आपले?"

एका वाक्यात तिनं सगळे तोटे मांडून टाकले आणि ती कांदा चिरायला निघून गेली. पण मी असा एका वाक्यात आटोपणारा माणूस नव्हे. दुसऱ्या दिवशी मी प्रकरण राशीदभाईंपुढं ठेवलं. राशीदभाई आमच्याच कारखान्यात स्टोअर बघतात आणि नात्यातल्या लग्नांत हौसेनं बँजो वाजवतात. डबा खाता खाता मी फायदे सांगायला लागलो. दांडा बारीक आहे, माझी बोटं आखूड आहेत. रंग पिकल्या पपईसारखा, कडांना काळसर होत गेलेला. साधी गिटार घेऊन मागाहून जी खटपट करावी लागते, ती त्या कलावंतानं आधीच करून ठेवलीय. पुढंमागं विकायची म्हटली तरी नावाला गिऱ्हाईक आहे!

"सब ठीक है मियाँ," राशीदभाई म्हणाले, "लेकिन सादा गिटार बेसूर बजा तो लोगां बोलते, सीख रहा बेचारा. सहीवाला बेसूर बजा तो बोलते, बजाना आता नै तो लिया कायकू?"

हा तोटा मला खरोखरच सुचला नव्हता.

"और दूसरी बात," त्यांनी माझ्या डब्यातलं लोणचं उचललं, "उस आदमी को जो होना, वो सब उसमें है. तुमकू जो होना, वो है क्या, ये देखे?"

हे जरा जास्तच तात्त्विक झालं, म्हणून मी ते सोडून दिलं. (ते अजिबात तात्त्विक नव्हतं, हे पुढं कळलं.)

संध्याकाळी मुंबईच्या एका दुकानाला फोन लावला. दुकानातला पोरगा फारच सौजन्यशील निघाला. म्हणाला, "सर, हे मॉडेल म्हणजे हुबेहूब त्यांचीच गिटार. ते वाजवतात तश्शी! किंमतही उतरवून देतो." मी लगेच सावध झालो. उतरवून का देताय म्हणून विचारलं. तर तो म्हणाला, "सर, ह्याला गिऱ्हाईक कमी असतं. आणि एक सांगतो, ही लेफ्ट आहे. चालेल ना?"

एकच नग लेफ्ट आहे, म्हणजे शिल्लक आहे, हे ऐकल्यावर खरेदी खात्यातला माणूस कसा गप्प बसेल?

"चालेल काय, पळेल!" मी ओरडलो. "आजच बांधा!"

गिटार आली. सोबत ट्रंकेएवढा स्पीकरचा डबा आला. मी गिटार मांडीवर घेतली आणि मला जाणवलं, की मोठ्या माणसांच्या वस्तू सोप्या नसतात. आवाज कमी-जास्त करायच्या चकत्या माझ्या कोपराला टोचत होत्या. वायर खोचायचं भोक पोटाखाली असायचं, ते काखेत आलं होतं. जाड तार वर असते अशी माझी समजूत, ती इथं खाली! मी होस्टेलवरच्या तिन्ही कॉर्ड वाजवून बघितल्या. तिन्हींतून कोणीतरी पत्र्यावर पडल्यासारखा आवाज आला.

"बरीच वर्षं झाली ना," मी उषाला म्हणालो. "हात बसायला वेळ लागेल."

राशीदभाई बघायला आले. चहा पिता पिता त्यांनी मान तिरकी केली, आणखी तिरकी केली, मग जवळजवळ सोफ्यावर आडवे झाले.

"ये साइन उल्टी कायकू है?"

खरंच, दांड्याच्या टोकावरची सही समोरच्याला उलटी दिसत होती. पण मी वरून वाकून बघितली तर मला सुलटी दिसत होती! मी हसलो. "राशीदभाई, सही वाजवणाऱ्यासाठी असते. प्रेक्षकांसाठी नव्हे. केवढा बारीक विचार केलाय बघा!"

"हौ," राशीदभाई म्हणाले. त्या 'हौ'मध्ये भरपूर काही होतं, पण ते पाहुणे म्हणून आले होते.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. पण उषाच्या भावानं, कैलासनं, देवगाव रंगारीला नवं घर बांधलं आणि वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला तो आमच्याकडं आला. त्यानं गिटार बघितली आणि त्याचे डोळेच विस्फारले.

"दाजी, ही आणायचीच! सगळं गाव येतंय."

"नको रे," उषा म्हणाली. "माहेरी नको."

तिनं 'माहेरी' ह्या शब्दावर दिलेला जोर मी ऐकला, पण त्याचा अर्थ, माहेरच्यांना इतकं उच्च संगीत झेपणार नाही, असा लावला.

वास्तुशांतीचं जेवण झालं. अंगणात मांडवाखाली सतरंज्या पडल्या. माझे सासरे, आबा, खांबाला टेकून सुपारी कातरत बसले. मांडवात बरीच माणसं जमली होती. कैलासनं नव्या घरातून वायर ओढून स्पीकर जोडला, घसा साफ केला आणि जाहीर केलं, "आता आमचे दाजी शहरातून आणलेली सहीची गिटार वाजीवणार हायेत!"

"कोणाची सही?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"परदेशातल्या एका लई मोठ्या माणसाची."

"मग तो का नाय आला?"

मी वाजवायला सुरुवात केली. पहिली कॉर्ड झाली. दुसरी झाली. मांडवात शांतता पसरली. मला वाटलं, रंगलीय मैफल. तेवढ्यात आबा सुपारी थांबवून म्हणाले, "पाहुणे, जुळवाजुळव झाली का सांगा, म्हंजी आमी नीट बसतो."

मी जोरात वाजवायचं ठरवलं. आवाजाची चकती कोपरानंच पूर्ण फिरवली. स्पीकरमधून खर्र झालं, सूं झालं, आणि एकदम एक बाई स्वच्छ आवाजात बोलायला लागली. "कापूस, मध्यम धागा..."

सगळा मांडव ताठ बसला.

"दाजी!" कैलास हरखून ओरडला. "गिटारीतनं बाजारभाव यायलेत!"

नव्या घराच्या वायरिंगला अजून अर्थिंगच दिलेलं नव्हतं म्हणे, त्यामुळं गिटारनं कुठून तरी रेडिओ पकडला होता. मी घाबरून तारांवर हात ठेवला. बाई गप्प झाली.

"अहो, हात काढा!" मागून चार-पाच जण एकदम ओरडले. "तुरीचा राहिला!"

मी हात काढला. बाईनं तुरीचा सांगितला. मांडवातून टाळ्या पडल्या. त्या दिवशी मला मिळालेल्या पहिल्या टाळ्या! मग मी वाजवायला लागलो की "थांबा हो, मक्याचा येऊ द्या," आणि मी थांबलो की "लई भारी!" ज्या गिटारवाल्याची सही होती, त्याला बिचाऱ्याला असा श्रोता जन्मात मिळाला नसेल.

शेवटी मी गिटार खुर्चीवर टेकवली आणि घामाघूम होऊन कैलासबरोबर वायर बघायला आत गेलो. खुर्ची डुगडुगत होती. गिटार घसरायला लागली तशी उषानं धावत जाऊन ती झेलली आणि तिला घेऊनच खुर्चीवर बसली. मी बाहेर आलो, तर समोर विचित्र दृश्य होतं. गिटार तिच्या मांडीवर अशी बसली होती, जणू कोणी माप घेऊन शिवलीय. दांडा उजव्या हातात. चकत्या डाव्या हाताखाली अलगद आलेल्या. जाड तार वर. वायरचं भोक जिथं असावं तिथं.

"दाजी," कैलास हळूच म्हणाला, "सही सुलटी झाली."

मी सही बघितली. मग उषाला बघितलं. मग खिशातून फोन काढून मुंबईला लावला. गडबडीत त्याचा स्पीकर चालू झाला, त्यामुळं पुढचं सगळ्या देवगावानं ऐकलं.

"सर, ती लेफ्ट हँडच आहे," पोरगा म्हणाला. "ते कलाकार डावखुरे आहेत ना! मी तुम्हाला विचारलं होतं, लेफ्ट आहे, चालेल ना? तुम्ही म्हणालात, पळेल."

मांडव हसून हसून लोळायचा बाकी राहिला. मीही हसलो. दुसरं काय करणार? हसली नाही फक्त उषा. ती गिटारकडं बघत होती.

"म्हणजे तो माणूस डाव्या हातानं वाजवतो?" तिनं विचारलं.

"हो."

"अन् त्याचा हात कोणी बदलला नाही? गिटार बदलली?"

प्रश्न मला होता, पण ती आबांकडं बघत होती. मग मला कैलासनं हळू आवाजात सांगितलं. लहानपणी उषा डावखुरी होती. जेवताना डावा हात पुढं आला की मनगटावर फटका. पाटी घेऊन बसली की आबा तिचा डावा हात उपरण्यानं बाजेच्या पायाला बांधायचे. असं करत करत ती 'सुधारली'. आणि मी, नटबोल्ट उजेडात धरून बघणारा माणूस, तिच्याबरोबर संसार केला, मुलगी वाढवली, आणि रोज डोळ्यांदेखत डाव्या हातानं चिरला जाणारा कांदा मला कधी दिसला नाही.

आबांनी अडकित्ता खाली ठेवला होता.

"लोक बोलायचे, उशे," ते म्हणाले. "मास्तर बोलायचे. पोरीला कोण करून घेईल म्हणायचे. मला बी भ्या वाटायचं."

आबा उठले, खुर्चीपाशी आले आणि तिच्या डाव्या मनगटावर त्यांनी नुसता हात ठेवला.

"वाजीव," ते म्हणाले. "डाव्यानंच वाजीव."

"मला येत नाही, आबा."

"ह्या पाहुण्यांना तरी कुठं येतंय!"

उषा डोळे पुसता पुसता हसली आणि तिनं डाव्या अंगठ्यानं वरची तार छेडली. एक सूर निघाला. एकच, पण गोल आणि भरीव. सगळा मांडव कान देऊन ऐकत होता. तो सूर विरत विरत गेला, आणि त्याच्या मागोमाग बाई म्हणाली, "सोयाबीन, पिवळा..."

परत येताना मी गिटार बदलून घ्यायचे फायदे-तोटे मोजायला लागलो होतो. वाहतूक, खोक्याचा खर्च, दुकानदाराची कुरकुर. शहरात शिरून सिल्लेखान्यापर्यंत आम्ही पोचलो तेव्हा उषा म्हणाली, "तुमच्या हाताला उलटीय, माझ्या हाताला सुलटीय. मोजायचं काय त्यात?" तिनं औरंगपुऱ्यात क्लास लावला. शिकवणारे सर समोर बसतात. उजव्या हातानं शिकणाऱ्यांना त्यांचं बघून मनात उलटं करावं लागतं. हिला मात्र आरशात बघितल्यासारखं सरळ दिसतं. (हा फायदा माझ्या हिशेबात कुठंच नव्हता.) ती भराभर पुढं गेली. मला त्या क्लासमध्ये स्पीकरचा डबा तिसऱ्या मजल्यावर चढवणारे काका म्हणून ओळखतात.

परवा आमच्या कॉलनीच्या महिला मंडळात तिनं गिटार वाजवली. उत्तम वाजवली. बाजारभाव आले नाहीत. संपल्यावर अध्यक्षीणबाई माइकवर आल्या आणि गहिवरून म्हणाल्या, "बायकोचा डावा हात ओळखून, मुद्दाम तिच्या हातासाठी शोधून शोधून गिटार मागवणारा नवरा आपल्या कॉलनीत आहे! ह्यांचा सत्कार झालाच पाहिजे!"

मी उषाकडं बघितलं. ती मोठ्या एकाग्रतेनं गिटारची वायर गुंडाळत होती. माझ्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला आणि बाईंनी माइक पुढं केला, "दोन शब्द बोला." खरं सांगायची हिंमत नव्हती आणि खोटं बोलायची लाज वाटत होती, म्हणून मी मान खाली घालून नुसताच उभा राहिलो.

"आणि बघा," बाई म्हणाल्या, "विनयशील किती आहेत!"

पुन्हा टाळ्या झाल्या. पहिल्यापेक्षा मोठ्या.