भुसा गेला कुठे?

आधी चहा संपवा. पुढचं ऐकताना ठसका लागला तर जबाबदारी माझी नाही. आता माझ्या हातून जे झालं, ते कुठल्या तोंडानं सांगू? छत्तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली मी! दुसऱ्यांच्या चुका काढणं हा माझा धंदा. स्वतः करायची सवय नाही, म्हणून जेव्हा केली तेव्हा अशी केली की आजही कोथरूडच्या आमच्या गल्लीत मी दिसलो की लोक रस्ता बदलत नाहीत, थांबून बघतात. ते जास्त वाईट.

तर झालं असं. निवृत्तीनंतर लोक देवळात जातात, टेकडीवर जातात, मुलांकडे अमेरिकेत जाऊन नातवंडं सांभाळतात. मी म्हटलं, आपण सुतारकाम करायचं. आमच्या चार मजली इमारतीत तळमजल्याला शटरची गॅरेजं आहेत, त्यातलं चार नंबरचं माझं. गाडी नाही, मग त्यात कारखाना थाटला. फळ्या कापायला टेबल सॉ, घासून गुळगुळीत करायला सँडर, वडिलांचा एक रंधा. दोन वर्षांत दोन स्टुलं आणि एक देवघर केलं. हसू नका, देवघराचा काटकोन तपासून बघा, नव्वद म्हणजे नव्वद आहे!

आणि खरं सांगू? ती दहा बाय अठराची खोली नसती तर निवृत्तीनंतर मी सकाळी उठलोच नसतो. इतकी ती मला प्यारी होती.

आता लाकूड कापलं की भुसा होणार. हे समजायला काय पीएचडी लागते? पण आमच्या सोसायटीतल्या लोकांना लागत असावी. तिसऱ्या मजल्यावर अनिकेत नावाचा आयटीतला मुलगा राहतो. तो एकदा खाली येऊन म्हणतो, "काका, माझ्या कारवर ना, लिटरली लेयर बसलाय."

"लेयर नाही, थर," मी म्हटलं.

"हो काका, पण तो बसलाय."

मराठी शंभरपैकी अठरा. तक्रार मात्र शंभरपैकी शंभर.

चेअरमन दांडेकर तर त्याहून वर. बँकेतून निवृत्त. आयुष्यभर 'उद्या या' एवढंच वाक्य बोललेला माणूस. रोज सकाळी जिन्याच्या कठड्यावरून बोट फिरवायचे आणि ते बोट मला दाखवायचे. तोंडानं काही नाही, नुसतं बोट!

शेवटी नोटीस आली. 'गॅरेज क्र. ४ मधील भुसा पंधरा दिवसांत बंद न झाल्यास सदर वापर बंद करण्याचा ठराव मांडण्यात येईल.' खाली सेक्रेटरीची सही. आता सेक्रेटरी कोण? माझी बायको, सुधा! एकाच घरात राहतो, एकाच टेबलावर जेवतो, आणि नोटीस दाराखालून आत सरकवली. आतूनच उठून बाहेर गेली आणि बाहेरून आत सरकवली!

"अगं, तोंडानं सांगता आलं नसतं का?"

"अहो, तोंडी सूचनेची पोच मिळत नाही. इथे सही करा."

केली सही. काय करता!

मग भुसा ओढून घेणारं यंत्र शोधायला लागलो. डस्ट कलेक्टर म्हणतात त्याला. मोटरला पंखा असतो, तो पाइपमधून भुसा ओढतो आणि पिशवीत सोडतो. एवढं साधं प्रकरण. पण इंटरनेटवर जाऊन बघा! एकेक दाढीवाला अर्धा अर्धा तास बोलतोय. इतक्या इंचाचा पाइप, तितक्या मायक्रॉनचा फिल्टर. त्या सगळ्यांना मी मनातल्या मनात वर्गाबाहेर उभं केलं. एक साधा नियम त्यांना कळत नव्हता: मोटर जेवढी मोठी, ओढ तेवढी जास्त. पुढचं सगळं पाल्हाळ.

बसनं भवानी पेठेत गेलो. तिथे सलीमभाई म्हणून एक आहेत, तीन पिढ्या लाकूडकामाच्या मशिनरीचं दुकान. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला आणि विचारलं, "सर, कुठल्या मशीनला लावायचंय?"

"ते तुम्हाला कशाला? सगळ्यात मोठा दाखवा."

"जागा केवढी आहे?"

"जागा मी मोजलेली आहे."

"तसं नाही सर. भुसा दोन जातींचा. एक दिसतो, एक दिसत नाही. दिसणारा पिशवीत बसतो. न दिसणारा पिशवीच्या कापडातून निसटतो आणि छातीत बसतो. तुमचं घरगुती काम आहे. मोटर लहान घ्या, फिल्टर चांगला घ्या."

बघा हां! ज्या माणसाला यंत्र विकायचंय, तो म्हणतोय लहान घ्या. मला लगेच संशय आला. म्हटलं, मोठा याच्याकडे शिल्लक नसणार. पण तो तिथेच कोपऱ्यात उभा होता. दोन हॉर्सपॉवरचा, माझ्या खांद्याला लागेल एवढा.

"हा," मी म्हटलं.

"हा फर्निचरच्या कारखान्याचा आहे सर. आणि याची पिशवी जाड कापडाची आहे, बारीक भुसा अडवणार नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात ती कल्पना आली. काय सांगू, इतका आनंद मला पायथागोरस शिकवतानासुद्धा झाला नव्हता! पिशवीतून भुसा निसटतो ना? मग पिशवीच नको! मागच्या तोंडाला सरळ पाइप लावायचा आणि भुसा बाहेर सोडून द्यायचा. ना पिशवी, ना फिल्टर. तीन पिढ्यांना जे सुचलं नाही ते मला चहा निवायच्या आत सुचलं.

सलीमभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "बाहेर म्हणजे कुठे, सर?"

"बाहेर म्हणजे बाहेर!"

"बाहेर कोणी राहत असेल ना?"

मी हसलो. अगदी ज्या हसण्यावर माझे विद्यार्थी रडायचे, तसा हसलो. म्हटलं, "यंत्र टेम्पोत चढवा."

आता तुम्ही विचाराल, मी बाहेर म्हणजे कुठे सोडणार होतो. रस्त्यावर? छे! मी काय अडाणी आहे? गॅरेजच्या मागच्या भिंतीला वर एक झडप आहे, ती इमारतीच्या डक्टमध्ये उघडते. चारी बाजूंनी भिंती, तळापासून गच्चीपर्यंत उभा बोगदा, वर उघडं आकाश. हवा सरळ रेषेत वर जाणार. दोन बिंदूंमधलं सगळ्यात कमी अंतर म्हणजे सरळ रेषा, हे मी छत्तीस बॅचेसना शिकवलंय. त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना काय आहे, हे अभ्यासक्रमात नव्हतं.

प्लंबरला बोलावून पाइप त्या झडपेतून डक्टमध्ये सोडला. तो म्हणाला, "साहेब, इथं सोडायचा?" मी म्हटलं, "तू जोड." त्यानं जोडला. त्यालाही मी मनातल्या मनात नापास केलं.

प्रात्यक्षिक ठेवलं रविवारी सकाळी दहाला. दांडेकर पांढरा रुमाल घेऊन आले. अनिकेत हवेतली धूळ मोजायचं एक डबडं घेऊन आला, त्याच्यावर आकडे दिसतात; ते टिपायला वही-पेनही आणलं. सुधा मात्र आली नाही. म्हणाली, "मी सेक्रेटरी आहे आणि बायकोही आहे. मी बघितलं तर लोक पक्षपात म्हणतील. दांडेकर काय तो निर्णय घेतील. मी आपली न्हायला जाते."

हे वाक्य मी ऐकलं. नीट ऐकलं. आणि सोडून दिलं!

आमच्याकडे सोलरचं गरम पाणी दहा ते अकराच येतं. बाकीचे सहा दिवस लोक कामावर पळतात, त्यामुळे अख्खी इमारत डोक्यावरून न्हायची ती रविवारी, दहा ते अकरा. हे मला माहीत नव्हतं का? वीस वर्षं मीही तेव्हाच न्हातोय!

बटण दाबलं. काय तो आवाज! विमान उतरावं तसा. सागाची फळी टेबल सॉवर घातली, सर्रकन कापली. भुशाचा कण दिसेना. दांडेकरांनी टेबलावरून रुमाल फिरवला. पांढराच्या पांढरा! अनिकेत ओरडला, "काका, रीडिंग इज सुपर लो!" मी त्याच्याकडे असं बघितलं की बस.

पण दांडेकर बँकेतले. ओरडून म्हणाले, "एका फळीनं काय सिद्ध होतं?"

असं? कोपऱ्यात तीन पोती भुसा भरून ठेवला होता. कचरावाला नेत नव्हता म्हणून चार महिने साठलेला. मी पहिलं पोतं उघडलं आणि पाइपचं तोंड आत घातलं. घर्रर्र! पोतं रिकामं. दांडेकरांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही!

"गेला कुठे?" त्यांनी कानाशी येऊन विचारलं.

"बाहेर!"

दुसरं पोतं लावलं. एवढ्यात अनिकेतच्या हातातला फोन थरथरायला लागला. त्यानं बघितलं, पुन्हा बघितलं.

"काका! ग्रुपवर मेसेज आहे. चौथ्या मजल्यावरच्या काकू म्हणतायत, बाथरूमच्या खिडकीतून काहीतरी येतंय!"

"त्यांना रविवारी काही उद्योग नसतो!"

"दुसऱ्या मजल्यावरूनही! 'अंगाला साबण लावलाय आणि पिवळं पिवळं चिकटतंय, हे काय आहे?' असं लिहिलंय!"

"साबण स्वस्तातला असेल!"

आणि मी तिसरं पोतं लावलं. हो, लावलं! यंत्राच्या आवाजात वरचा आरडाओरडा आम्हाला ऐकू येत नव्हता, आणि मी त्या वेळी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या यशाच्या अगदी मधोमध उभा होतो. डक्टमध्ये आमच्या चारी मजल्यांच्या न्हाणीघरांच्या खिडक्या उघडतात. काचेच्या पट्ट्यांच्या. वाफ जावी म्हणून त्या वेळी सताड उघड्या. एकूण आठ.

तिसरं पोतं संपलं तेव्हा शटरखालून कोणीतरी वाकून आत आलं. आधी मी ओळखलं नाही. डोक्यापासून खांद्यापर्यंत रव्यात घोळवलेल्या वांग्याच्या कापासारखं दिसत होतं. केस ओले, शिकेकाई लावलेली, त्यावर सागाचा भुसा जाम बसलेला. गाऊनवर टॉवेल. त्यानं हात पुढे करून बटण बंद केलं. एकदम शांतता. आणि त्या शांततेत वरून आठ खिडक्यांतून आलेली माझी कीर्ती पहिल्यांदा कानावर पडली.

"अहो," सुधा म्हणाली, "पाइप कुठे सोडलाय?"

मी बोट वर केलं.

पाच मिनिटांत पार्किंगमध्ये माणसं जमली. कोणी टॉवेलात, कोणी अर्ध्या दाढीनं, कोणाच्या कानात फेस. सगळे पिवळे. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं, पण दांडेकर शांतपणे पुढे झाले. रुमालाची घडी घातली. म्हणाले, "यंत्र उत्तम आहे, सर. आतापर्यंत भुसा तळमजल्यालाच मिळायचा. वरच्यांवर अन्याय होत होता. तो तुम्ही दूर केलात."

लोक हसले. मी आयुष्यभर वर्गात हेच केलं, पण ऐकायला कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं. माझी ती खोली, ती स्टुलं, तो रंधा, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी म्हटलं, "हे बघा, मी लहान यंत्र आणतो, फिल्टर लावतो, डक्ट धुऊन देतो. पण कारखाना बंद करू नका. हात जोडतो."

सुधानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, विरघळली. तिनं अनिकेतच्या हातातून वही घेतली, पेन घेतलं आणि म्हणाली, "सगळे हजर आहेतच. ठराव घेऊन टाकू."

दांडेकरांनी ठराव मांडला. गॅरेज क्रमांक चार यापुढे फक्त वाहन ठेवण्यासाठी वापरावं. बाजूनं कोण? सगळे हात वर गेले. पिवळे, ओले, साबणाचे. अनिकेतचाही गेला.

"विरोधात?" सुधानं विचारलं.

मी ताठ उभा राहिलो. एकटा तर एकटा! विरोध नोंदला गेला तर पुढच्या सभेत विषय पुन्हा काढता येतो, हा सोसायटीचा नियम मला तोंडपाठ होता. मी उजवा हात ताडकन वर केला. सुधा पेन टेकवून थांबली. आणि तेवढ्यात तिच्या टॉवेलवरचा कोरडा भुसा झुळकीनं उडाला आणि थेट माझ्या नाकात गेला. अशी शिंक आली, अशी शिंक आली, की वर गेलेला हात खाली येऊन नाकाला लागला.

सुधानं शांतपणे लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, "विरोधात, कोणी नाही. ठराव एकमतानं मंजूर. अहो, इथे सही करा."