निळ्या पेनाचा गोल

आज लेकीने मनगटावर निळ्या पेनाने घड्याळ काढलं आणि मला एक जुना गोल आठवला.

तीस वर्षांपूर्वी बंगळूरच्या जयनगरात मला कुत्रं चावलं. दवाखान्यात मोठ्या इंजेक्शनआधी नर्सने अंगाला सोसतं का बघायला तेच औषध थेंबभर हाताला टोचलं आणि भोवती पेनाने गोल काढला. “अर्धा तास बसा. लाल झालं तर लगेच सांगा.”

त्या औषधानेही माणूस दगावतो, असं शेजाऱ्यांनी माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या डोक्यात भरवून दिलं होतं. बाही सरकवत ते म्हणाले, “सिस्टर, आधी मला टोचून बघा.”

“तुमच्या हातावर तिचं कसं कळणार, अण्णा?” नर्स अप्पांकडे बघून हसली. मला अप्पांची लाज वाटली. पापणी न हलवता मी गोलाकडे बघत बसले.

लाल झालं नाही. इंजेक्शन झालं. परतताना बसमध्ये मी म्हटलं, “आता बाही खाली करा ना.” त्यांनी केली, पण बटण काही केल्या काजात जाईना, शेवटी मीच लावलं.