तिची राहिलेली इच्छा

बायकोच्या दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. मेलेल्याची इच्छा राहिली की असं होतं.

"नातवाचं तोंड बघायचं ऱ्हायलं तिचं," माझी बहीण म्हणाली. मलाही तेच वाटत होतं, कारण घरात एकुलती एक नात. मी हात जोडून मोठ्यानं म्हटलं, "काळजी करू नगंस. नातू आणतो की घरात!"

"दाजी, तुमी बाळंत हुनार हायसा व्हय?" मेव्हणी फटकन बोलली. कावळा जागचा हलला नाही.

मग सून पुढं आली. ती उचगावात शाळेत शिकवते. पिंडाकडं बघत सासूला म्हणाली, "आत्या, शब्द दिलाय तुमाला. मी एका लेकीवरच थांबनार हाय."

कावळा उतरला आणि भाताला चोच लावली.

घरी येताना सुनेला विचारलं, "कसला शब्द?"

"आत्याच म्हनाल्या, मला चौथीतनं काढलं, मग पोरामागं पोर झालं. किती पायजेत ते कुनी इचारलं न्हाय. तू शिकल्यालीस, तुझं तू ठरीव."

कावळ्याला भूक लागली असंल, ते सोडा. पण सारा जन्म एका ताटात जेवलो, आणि तिच्या मनातलं मला ती गेल्यावर कळावं?

संध्याकाळी बहिणीनं पुन्हा नातवाचं काढलं. मी म्हटलं, "गप. तिची इच्छा सांगून झाली हाय."