पडद्यासमोर घेतलेलं नाव

मुलांनो, परवा फोनवर धाकट्याने विचारलं, "आजी, तुझी ती फ्रेंड खरंच फेमस होती का? नाव सांग ना, मी सर्च करतो." मी नाव सांगितलं नाही आणि तो रुसला. कारण फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. तुमची आई वाचून दाखवेल. एखादा शब्द अडला तर तिला थांबवून विचारा. तिलाही अडला, तर मग मला फोन करा.

इथे न्यूजर्सीत, एडिसनमधल्या आमच्या इमारतीत सगळे म्हातारेच राहतात. तुमचे आजोबा गेल्यावर मी तुमच्याकडे सांता क्लाराला यावं असा तुमच्या बाबांचा फार आग्रह होता. पण मला माझी किल्ली, माझी शेगडी आणि भाजीसाठी ओक ट्री रोडवर नेणारी इमारतीची व्हॅन सोडवेना. इथे तळमजल्यावर कपडे धुण्याची सामाईक खोली आहे. तिथे एकदा मी ड्रायरमधून सुती साडी काढून एकटीच घडी घालायची खटपट करत होते. दुसरं टोक जमिनीला लागणार, तेवढ्यात कुणीतरी ते उचललं.

नव्वदी ओलांडलेल्या, उंच, ताठ कण्याच्या बाई होत्या. माझ्या समोरच्याच दारात राहायच्या, पण तोवर आमचं बोलणं झालं नव्हतं. मी पुढे आले, त्या पुढे आल्या आणि नेमक्या हातभर अंतरावर थांबल्या. खाली पाहिलंही नाही. काठाला काठ जुळला.

"तुम्हाला साडीची घडी घालता येते?" मी विचारलं.

"मला फक्त थांबता येतं. एके काळी मला त्याचाच पगार मिळत होता."

मग त्यांनी समजावून सांगितलं. सिनेमाच्या सेटवर जमिनीवर खडूची खूण असते. नटीने चालत येऊन बरोबर त्या खुणेवर थांबायचं, नाहीतर चेहरा उजेडाबाहेर जातो. आणि खाली बघायचं नाही, कारण पडद्यावरची बाई खुणेकडे चालत नसते, ती प्रियकराकडे चालत असते.

त्यांच्या दारावर त्यांचं सिनेमातलं नाव होतं आणि इमारतीतले सगळे त्यांना त्याच नावाने हाक मारायचे. इथे दहा वर्षांचं पोरही आजीच्या वयाच्या बाईला खुशाल नावाने बोलावतं. माझी जीभ काही त्याला तयार होईना. चार-आठ दिवस मी "अहो, ऐकलं का" अशा अर्थाचं इंग्रजी बोलून वेळ मारून नेली. शेवटी विचारलं, "तुम्हाला मावशी म्हटलं तर चालेल का?"

"म्हणजे काय?"

"आईची बहीण."

"तुझ्या आईला मी आवडले असते?"

"तिने आधी तुम्हाला जेवायला घातलं असतं. मग ठरवलं असतं."

त्या मोठ्याने हसल्या. तेव्हापासून त्या मावशी झाल्या. माझ्या गुरुवारच्या उपासाला त्या साबुदाण्याची खिचडी खायला यायच्या. पहिल्या घासालाच म्हणाल्या होत्या, "उपास असा असेल तर मी धर्म बदलते."

त्यांचं आयुष्य मला असं खिचडीबरोबर तुकड्या-तुकड्याने कळलं. पेनसिल्व्हेनियातलं कोळशाच्या खाणीचं गाव. वडील पोलंडहून आलेले, खाणीत काम करणारे. मावशी चपलांच्या दुकानात कामाला होत्या. तिथे कुणी काढलेला त्यांचा फोटो हॉलिवूडच्या एका स्टुडिओत पोचला आणि विशी लागायच्या आत त्या एकट्या आगगाडीने कॅलिफोर्नियाला गेल्या. सात वर्षांचा करार झाला. स्टुडिओने आधी पुढचे केस उपटून कपाळ मोठं केलं, मग दातांवर टोप्या बसवल्या, मग बोलणं हातात घेतलं. एक शिक्षिका तोंडासमोर जळती मेणबत्ती धरून शब्द म्हणवून घ्यायची.

"ज्योत हलली पाहिजे," मी म्हटलं.

"तुला कसं माहीत?"

कारण नागपूरच्या माझ्या शाळेत आमच्या इंग्रजीच्या बाईंनी हेच केलं होतं. इंग्रजीतला 'प' म्हणताना ओठांतून वारा सुटला पाहिजे, तो आपल्याकडे सुटत नाही. मी पुढे स्वतः शिक्षिका झाल्यावर माझ्या वर्गातही मेणबत्ती आणली. त्या दिवशी आम्ही देवापुढचं निरांजन मध्ये ठेवून दोघींनी 'पेपर', 'पेपर' म्हणून पाहिलं. मावशींनी पहिल्याच शब्दाला ज्योत विझवली.

त्यांच्या बऱ्याच भूमिका नायिकेच्या मैत्रिणीच्या होत्या. दार उघडायचं, निरोप सांगायचा आणि नायक आला की हसून बाहेर जायचं. तीन सिनेमांत मात्र त्या नायिका होत्या. मग स्टुडिओला न विचारता लग्न केलं आणि कामं यायची थांबली. पुढे टीव्हीवर साबणाच्या जाहिराती केल्या. नवरा लवकर गेला, तेव्हा न्यूजर्सीला एका मोठ्या दुकानात हातमोजे विकायला उभ्या राहिल्या. गिऱ्हाइकं म्हणायची, तुम्ही त्या नटीसारख्या दिसता. "हो, सगळेच म्हणतात," असं म्हणून त्या मापाचे मोजे काढून द्यायच्या. हे सांगताना त्यांच्या आवाजात खंत नव्हती. मोजे विकणंही त्यांना आवडायचं.

खंत दुसरीच होती. स्टुडिओने पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव बदललं होतं. वडिलांचं आडनाव लांबलचक, व्यंजनांवर व्यंजनं चढलेली. पोस्टरवर मावणार नाही म्हणाले.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सेक्रेटरीने. फोनवर, जेवणाच्या सुट्टीत."

मी माझं सांगितलं. लग्नानंतर सासरी ताटात तांदूळ पसरले, तुमच्या आजोबांनी अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले. तेव्हा ते रीतीचंच होतं आणि मला रागही आला नाही. फक्त माझे वडील पहिल्यांदा भेटायला आले तेव्हा दारातून जुन्या नावाने हाक मारून एकदम थांबले आणि नव्या नावाने हाक मारली. ते थांबणं माझ्या लक्षात राहिलं.

मावशी म्हणाल्या, "निदान तुला तांदूळ तरी मिळाले."

आणि मग वडिलांचं सांगितलं. त्यांचा पहिला सिनेमा गावात लागला तेव्हा वडील सगळ्या गल्लीला घेऊन थिएटरात गेले. त्यांना इंग्रजी वाचता येत नसे, पण पगाराच्या पाकिटावर पाहून आपल्या आडनावाचा आकार ओळखीचा होता. पडद्यावर नावं सरकू लागली तसे ते तो आकार शोधत राहिले. सापडला नाही. पुढे मावशी पडद्यावर आल्या, शेजारी ओरडले, तर ते म्हणाले, "पोरगी चांगली आहे. पण ती आमची नव्हे." शेवटपर्यंत त्यांनी तेच धरलं. मावशी मात्र तेव्हा स्टुडिओशी भांडल्या नाहीत. पुढे भांडण्याइतकी ओळख झाली, तोवर खाणीच्या धुळीने वडील गेले होते.

या वसंतात इथल्या लायब्ररीने त्यांचा एक जुना सिनेमा दाखवायचं ठरवलं आणि त्यांना बोलावलं. मावशी मला म्हणाल्या, "ओळख तू करून दे. आणि सिनेमा सुरू व्हायच्या आधी माझं घरचं नाव घे, आडनावासकट. पडद्यावर नाही आलं, पडद्यासमोर तरी येऊ दे. मला आता दुसरी संधी नाही." डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाबद्दल जे सांगितलं होतं ते मला माहीत होतं, म्हणून उगीच "असं काय बोलता" म्हटलं नाही.

लायब्ररीतली मुलगी गोड होती, पण घाबरली. "आंटी, प्लीज, पोस्टरवरचं नाव आधी घ्या. नाहीतर लोकांना वाटेल गेस्ट आल्याच नाहीत." तिचंही चूक नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाच धीर नव्हता. लोकांसमोर मी आयुष्यात एकच नाव घेतलेलं, तुमच्या आजोबांचं, तेही उखाण्यात. इथे तर माझ्याहून वडील बाईचं नाव, नुसतं, मागेपुढे काही न लावता घ्यायचं. शिवाय ते आडनाव! घरी कुकरच्या शिट्ट्यांमध्ये मी ते घोकत होते. मावशी समोर बसून प्रत्येक वेळी म्हणायच्या, "अजून नाही. माझे पपा वळून बघणार नाहीत."

त्या दिवशी खुर्च्या भरल्या होत्या. मावशींना चाकाच्या खुर्चीतून आणून पहिल्या रांगेत बसवलं. मी माइकसमोर उभी राहिले आणि लिहून नेलेलं भाषण अचानक परकं वाटायला लागलं. मला येतं काय, तर हजेरी घेणं. आयुष्यभर रोज सकाळी तेच केलं होतं आणि तिथे कुणाचंही पूर्ण नाव घेताना जीभ अडखळली नव्हती. मी कागद मिटला आणि वर्गात घेत असे तशा आवाजात, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं, ते नाव घेतलं. आडनावासकट, न अडखळता.

सभागृहात काहीच झालं नाही. ते नाव कुणाच्या ओळखीचं नव्हतं. लोक एकमेकांकडे बघू लागले. लायब्ररीतली मुलगी भिंतीजवळून मला खुणा करत होती, की दुसरं नाव घ्या. मी घेतलं नाही. थांबले. हजेरी घेणाऱ्याला थांबावंच लागतं.

मावशी खुर्चीतून उठल्या. कुणाचा हात न धरता काही पावलं चालल्या आणि पडद्यासमोर, दिव्याचा उजेड जिथे सर्वांत जास्त होता तिथे, खाली न बघता थांबल्या. वर्गातल्या मुलीसारखा हात वर केला.

"हजर," त्या म्हणाल्या.

आधी कुणीतरी हसलं, मग टाळ्या सुरू झाल्या आणि बराच वेळ थांबल्या नाहीत. मावशींनी हात खाली घेतलाच नाही.

सिनेमा सुरू झाल्यावर पडद्यावर त्यांचं दुसरं नाव आलं. माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "पोरगी चांगली आहे." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आणि आमचीच आहे."

उन्हाळ्याच्या सुरुवातीला मावशी गेल्या. समोरच्या दारावरची पाटीही आता काढली आहे. साडीची घडी मी पलंगावर पसरून घालते, काठ जुळत नाहीत.

म्हणून नाव सांगितलं नाही रे. तू सर्च केलंस तर तुला एकच नाव सापडेल, फोटो सापडतील आणि वाटेल की आजीची फ्रेंड सापडली. दुसरं नाव त्या दिवशी तिथे जे बसले होते त्यांनीच ऐकलं.

माझंही लग्नाआधीचं एक नाव आहे, माझ्या वडिलांनी ठेवलेलं. ते तुमच्या बाबांनाही नीट आठवणार नाही. रविवारी फोन कराल तेव्हा विचारा, मी सांगेन. मोठ्यांना नावाने हाक मारू नये हे मीच तुम्हाला शिकवलं आहे, पण एकदा चालेल. दोघांनी मिळून मोठ्याने मारा. मी हजर म्हणेन.