विदाने एकदाच सही घेतली नाही

विदोसावा पेरिशिचला ऑफिसातली पोरं तोंडावर विदामावशी म्हणायची आणि पाठीमागे कागदमावशी. दोन्ही नावं तिला ठाऊक होती आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या नावाचा तिला जास्त अभिमान होता. चोपन्न वर्षांची बाई, चष्मा कायम कपाळावर, आणि कामाला वाघ. आमच्या सर्बियातल्या त्या डोंगरगावात संगणकाची कामं घेणारी एकच कंपनी, ओस्तोयाची. त्या कंपनीचं एखादं मोठं काम ठरल्या वेळी पार पडलं, तर खुशाल समजावं की ते विदाच्या हातातून गेलंय.

ठेच लागून शिकली होती ती. तरुणपणी कापडगिरणीत होती. तिथे एका सोमवारी साहेबाने गोदामाची जुनी व्यवस्था बंद केली आणि मंगळवारी नवी चालूच झाली नाही. पाच दिवस सूत कुठे ठेवलंय ते कुणाला सापडेना, आणि बायका मागांसमोर हात बांधून बसल्या. गिरणी पुढे वेगळ्याच कारणांनी बसली, पण ते पाच दिवस विदाच्या डोक्यातून कधी गेले नाहीत.

म्हणून नवीन पोरं कामावर आली की ती त्यांना पहिल्याच आठवड्यात फैलावर घ्यायची. गिऱ्हाईक ‘एवढंसंच तर आहे’ म्हणालं की पेन काढायचं आणि त्याची सही घ्यायची. साहेबांच्या केबिनमध्ये बसून काही कळत नाही, जो माणूस दिवसभर बटणं दाबतो त्याच्या खुर्चीशेजारी जाऊन बसायचं. तारीख देताना जिभेला आवर घालायचा. आणि काही झालं तरी जुनी व्यवस्था नव्याच्या शेजारी पंधरा दिवस चालू ठेवायची, मग कुणी कितीही घाई करो.

“मावशी, लग्नात काकांकडून पण सही घेतली होती का?” पोरं विचारायची.

“दोन घेतल्या,” ती म्हणायची, “आणि तरी भांडी मीच घासते.”

घरदार, जमीनजुमला असं काही तिच्यापाशी नव्हतं. होतं ते नाव. विदा म्हणाली म्हणजे झालं, असं गावातले साहेबलोक म्हणायचे, आणि तेवढ्यावर ओस्तोयाला कामं मिळायची. हे नाव तिने बावीस वर्षं जपलं होतं.

तर टोप्लानाचं काम आलं. टोप्लाना म्हणजे आमच्या गावाचा जीव. तिथल्या बंबांत पाणी तापतं, जमिनीखालच्या नळांनी इमारतींच्या तळघरांत जातं आणि मग घराघरातले रेडिएटर गरम होतात. पंधरा ऑक्टोबरला ऊब सुरू होते आणि एप्रिलपर्यंत गाव त्यावर जगतं. एकसष्ट तळघरांतल्या झडपा आजवर एका जुनाट टेबलावरून चालायच्या. ते काढून सगळं संगणकावर आणायचं होतं. विदाने हे काम जीव ओतून हातात घेतलं. त्याला आणखी एक कारण होतं. टोप्लानाची तांत्रिक प्रमुख तिची कुमा होती.

कुमा म्हणजे लग्नात जी तुमच्या शेजारी साक्षीला उभी राहते आणि पुढे तुमच्या लेकराला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेते ती. सख्ख्या बहिणीशी वाजेल, दिराशी वाजेल, पण कुमाशी वाजत नाही. आमच्याकडे हे नातं रक्ताच्या वर धरतात, आणि धरतात म्हणजे नुसतं बोलायला नव्हे. ल्युबिंका विदाच्या लग्नात उभी होती. विदाच्या मुलीला, डुन्याला, तिनेच हातावर घेतलं होतं. डुन्याला गोवर आला तेव्हा चार दिवस ही बाई त्या घरात तळ ठोकून बसली होती. म्हणजे माणूस वाईट नव्हती. तेच तर दुःख आहे.

कामाचे कागद एप्रिलमध्ये रीतसर झाले. मग मे महिन्यात ल्युबिंकाचा फोन आला. “कुमा, बालवाड्यांना सकाळी तासभर आधी ऊब जायला हवी, एवढं घालून टाक ना.” विदाने घातलं. जूनमध्ये आणखी काही, जुलैमध्ये आणखी. विदा सगळं स्वतःच्या वहीत तारखेनिशी लिहायची, पण समोर वही ठेवून ‘इथे सही कर’ म्हणायला तिची जीभ काही रेटेना. दुसऱ्या कुणा गिऱ्हाइकाने एवढे बदल तोंडी सांगितले असते तर तिने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

टोप्लानात मिलुन नावाचा एक म्हातारा एकतीस वर्षं त्या जुन्या टेबलामागे बसत होता. विदा नेमाने त्याच्याकडे जायची, कॉफी प्यायची आणि तो काय करतो ते बघायची. एकदा तो म्हणाला, “वरच्या आळीचं जरा सांभाळून हं विदा. तिथे कागदावर एक आहे आणि तळघरात भलतंच.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे मलाही सगळं सांगता येत नाही. कुठे काय ठोकलंय ते मी हाताने निभावून नेतो. तुझी ती पंधरा दिवसांची चाचणी होईल ना, तेव्हा एकेक बाहेर पडेल.”

विदाने ते लिहून घेतलं. पंधरा दिवस हातात आहेत, घाबरायचं काय, असं तिने मनाशी म्हटलं.

सप्टेंबरात आमच्याकडे घरोघर लाल मिरच्या भाजून आयवार, म्हणजे हिवाळ्यासाठीची चटणी, करतात. त्या वर्षी ल्युबिंका नेहमीसारखी विदाच्या अंगणात आली. दोघी चुलीपाशी बसल्या. मिरच्यांची सालं काढून दोघींचे हात कोपरापर्यंत चिकट आणि डोळ्यांत धूर.

“कुमा,” ल्युबिंका म्हणाली, “ते पंधरा दिवस गाळून टाकू या.”

“कुठले पंधरा दिवस?”

“जुनं आणि नवं शेजारी शेजारी चालवायचे ते. आमच्या डायरेक्टरला पंधरा ऑक्टोबरला फीत कापायची आहे. टीव्हीवाले येणार. मागे ते जुनं धूड घरघरत असेल तर काय शोभा राहील?”

“शोभा गेली खड्ड्यात. थंडीत माणसं गारठली म्हणजे?”

“नाही गारठत. तू केलेलं काम आहे, मला काळजी नाही. आणि काही झालंच तर मी घेते माझ्या डोक्यावर. तांत्रिक प्रमुख कोण आहे तिथे? मी ना?”

विदाने कढईतली मिरची हलवली. “बरं, मग तेवढ्या दोन ओळी—”

ल्युबिंकाने हातातली मिरची खाली ठेवली. “माझ्याकडून कागद? डुन्याला तुझ्या हातात दिली तेव्हा मी पावती फाडली होती का गं?”

विदा ओशाळली. हसली आणि म्हणाली, “जाऊ दे, सवय आहे मेली.” तिथेच ती चुकली. मी काही तिची बाजू घेत नाही. ज्या एका गोष्टीसाठी ती पोरांना धारेवर धरायची, तीच तिने सोडली, आणि सोडली ती अशा बाईसाठी जिच्यावर तिने डोळे मिटून विश्वास टाकला होता.

पंधरा ऑक्टोबरला फीत कापली गेली. बेकरीतले केक आले, टीव्हीवर डायरेक्टर हसला. संध्याकाळपर्यंत खालचं गाव ऊबदार झालं आणि वरच्या आळीतल्या अकरा इमारती बर्फासारख्या गार राहिल्या. टोप्लानाने दिलेल्या यादीत तिथल्या झडपांना मोटर होती. तळघरात मोटर कधीच सडून गेली होती आणि इमारतीचा रखवालदार मिलुनच्या फोनवर चाक हाताने फिरवायचा. संगणक झडपेला उघड म्हणत राहिला आणि झडप ढिम्म. लोकांनी विजेच्या शेगड्या लावल्या, त्यांनी वायरी जळल्या, म्हणजे ऊब नाही आणि दिवेही नाहीत. तीन दिवस म्हातारीकोतारी टोप्या-कोट घालून अंथरुणात बसली. विदा ते तीनही दिवस तळघरातून तळघरात हिंडली आणि रखवालदारांबरोबर चाकं फिरवली. मिलुनला ती एवढंच म्हणाली, “चाचणी झाली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.”

वीस तारखेला सकाळी बैठक झाली. डायरेक्टर, ल्युबिंका, ओस्तोया आणि विदा. करारात लिहिलेली पंधरा दिवसांची चाचणी का झाली नाही, असं डायरेक्टरने विचारलं.

“तांत्रिक प्रमुखांनी गाळायला सांगितली,” विदा म्हणाली. तिच्या मनात किंतुही नव्हता. आता कुमा हो म्हणेल, थोडी बोलणी खाईल आणि विषय संपेल.

ल्युबिंकाने चष्मा काढला आणि रुमालाने पुसला. “आमच्याकडून अशी सूचना गेलेली नाही,” ती म्हणाली. “गेली असती तर कागद असता. या बाई कागदाशिवाय पाऊल टाकत नाहीत, हे सगळ्या गावाला माहीत आहे.”

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. परक्याने कानावर हात ठेवले असते तर विदा तिथल्या तिथे भांडली असती. इथे ती कुमाकडे बघत राहिली आणि कुमा चष्मा पुसत राहिली. बावीस वर्षं जपलेलं नाव, आणि तेच नाव उचलून या बाईने तिच्या तोंडावर मारलं होतं.

“विदा, काही लिहिलेलं आहे?” ओस्तोयाने विचारलं.

“माझ्या वहीत आहे.”

“त्यांची सही?”

“नाही.”

परत येताना गाडीत ओस्तोया म्हणाला, “मी तुला खोटं धरत नाही गं. पण मी त्यांना दाखवू काय? करार राहायचा तर कुणाच्या तरी नावावर हे घालावं लागेल.” आणि ते विदाच्या नावावर गेलं. टोप्लानाचं काम दुसऱ्याकडे दिलं, पुढची मोठी कामंही दुसऱ्याकडे गेली. विदाला खिडकीजवळचं टेबल दिलं आणि जुन्या फायली लावायला सांगितलं. पोरं तिची थट्टा करेनाशी झाली, ते तिला सगळ्यात जास्त लागलं. बाजारातली वरच्या आळीची भाजीवाली तर तिला भाजी देताना बघायचीही नाही.

आणि एक दिवस, तिने स्वतः शिकवलेल्या एका मुलीने हळूच विचारलं, “मावशी, त्या नक्की तसं म्हणाल्या होत्या का? म्हणजे ऐकण्यात काही...” विदा त्या रात्री नवऱ्याला, रादिशाला, म्हणाली, “मला वाटायला लागलंय, मीच काही भलतंच ऐकलं का रे? धूर होता, गप्पा चालल्या होत्या.” कुमाने हातातलं काम आणि नाव तर घेतलंच, वर बाईला स्वतःच्या कानांवरचा भरवसाही ठेवला नाही.

सोळा नोव्हेंबरला पेरिशिचांच्या घरच्या संताचा दिवस, स्लावा. या दिवशी कुणाला बोलावत नाहीत आणि आलेल्याला परतवत नाहीत. घरधनी आणि घरधनीण दिवसभर उभं राहून वाढतात.

“ती आली तर?” रादिशाने विचारलं.

“येत नाही. तोंड आहे का तिला?”

दुपारी एकच्या सुमाराला ती आली. हातात वाइनची बाटली, पुडीत कॉफी, केस सेट केलेले. बैठकीत ओस्तोया होता, शेजारी होते, ऑफिसातली दोन पोरं होती. विदाने रीतीप्रमाणे उकडलेल्या गोड गव्हाची वाटी पुढे केली, ल्युबिंकाने चमचाभर घेतला आणि छातीवर क्रुसाची खूण केली. मग ती विदाच्या मागोमाग स्वयंपाकघरात आली आणि दार लोटून घेतलं.

“मी म्हणाले होते,” ती म्हणाली. “अंगणात, मिरच्या सोलताना. मला सगळं आठवतंय. तू वेडी नाहीस.”

विदाने ओट्याला हात टेकला. महिनाभर छातीवर बसलेलं काहीतरी उठलं. तिला रडू आलं आणि त्या रडण्याचा रागही आला.

“पेन्शनला दोन वर्षं राहिलीत माझ्या,” ल्युबिंका म्हणाली. “त्यांनी मला तिथल्या तिथे घरी बसवलं असतं. तुला ओस्तोया काढणार नाही, हे मला माहीत होतं. तू समजून घेशील असं वाटलं. कुमाने नाही समजून घ्यायचं तर कुणी?”

“समजलं,” विदा म्हणाली. “आता हेच बाहेर सांग. ओस्तोया बसलाय. पोरं बसली आहेत. टोप्लानात नको जाऊस, डायरेक्टरला नको सांगूस. या घरात एवढ्या माणसांसमोर सांग, की विदा खोटं बोलली नाही. मला दुसरं काही नको.”

ल्युबिंकाने भिंतीवरच्या आरशाच्या तुकड्यात बघून केस नीट केले आणि दार उघडून बाहेर गेली. विदा सार्माचं, म्हणजे कोबीच्या पानांत गुंडाळून शिजवलेल्या खिम्याचं, भांडं घेऊन मागोमाग दारात येऊन थांबली.

“काय खलबत चाललं होतं दोघींचं?” ओस्तोयाने विचारलं.

“कसलं खलबत,” ल्युबिंका खुर्चीत बसत म्हणाली. “सार्मात धुरावलेलं मांस किती घालते ते विचारत होते. सांगेल तर शपथ.”

सगळे हसले. विदाने भांडं टेबलावर ठेवलं आणि वाढायला सुरुवात केली. आधी ओस्तोयाला, मग शेजाऱ्यांना, मग ल्युबिंकाला. आलेल्या माणसाला वाढायचं असतं, तिने वाढलं. दोन मोठ्या सार्मा, वरून रस, शेजारी पावाचा तुकडा. ल्युबिंका जेवली, चांगलं झालंय म्हणाली आणि तासाभराने उठली.

दारापाशी तिने नेहमीसारखा गाल पुढे केला. आमच्याकडे तीनदा मुके घेतात. विदाने हात पुढे केला. हातात हात देऊन ती म्हणाली, “पायऱ्या ओल्या आहेत. जपून जा, ल्युबिंका.”

बैठकीतली बडबड थांबली. लग्नापासूनच्या सव्वीस वर्षांत त्या घराने विदाच्या तोंडून ते नाव ऐकलं नव्हतं. कुमाला कुणी नावाने हाक मारत नाही, कुमा म्हणतात, मरेपर्यंत म्हणतात. ओस्तोयाने काटा ताटात ठेवला आणि दाराकडे बघितलं. ल्युबिंकाचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. ती कठड्याला धरून जिना उतरून गेली.

विदाने दार लावलं, आत आली आणि रिकाम्या ताटांकडे बघून कुणाला आणखी सार्मा हवी का ते विचारलं.